लुक आफ्टर म्हणजे नंतर बघू

डॉक्टर-इंजिनियर व्हायला लातूरला येणारी मुलं माझ्या कॉलेजात येत नाहीत. ती क्लासेसच्या गल्ल्यांत जातात. माझ्या वाट्याला येतात ती बी.ए. पहिल्या वर्षाची, निलंगा, औसा, रेणापूर भागातल्या खेड्यांतून रोज एसटीनं ये-जा करणारी. सगळ्यांना भीती एकाच पेपरची, कंपल्सरी इंग्लिश. त्यांच्यासाठी मी फळ्यावर एक छोटासा शब्द लिहिते, लुक. म्हणजे बघणे. तो सगळ्यांना येतो. मग त्याच्यामागं एकेक शब्द जोडत जाते आणि अर्थ कसा पालटतो ते दाखवते. लुक फॉर, शोधणे. लुक इन्टू, एखाद्या प्रकरणात लक्ष घालणे. लुक डाऊन अपॉन, कमी लेखणे. लुक फॉरवर्ड टू, आनंदानं वाट बघणे. आणि लुक आफ्टर.

त्या दिवशी लुक आफ्टरपाशी थांबून मी विचारलं, "याचा अर्थ कोण सांगेल?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती कधी तोंड उघडत नसे.

"म्याडम, लुक म्हंजे बघणे. आफ्टर म्हंजे नंतर. लुक आफ्टर म्हंजे नंतर बघू."

वर्ग खो खो हसला. ती लाजून खाली बसली. मला हसू आलं नाही. मी खडू ठेवला आणि खुर्चीवर टेकले. सकाळीच माझ्या भावाचा पुण्याहून मोबाईलवर मेसेज आला होता. इंग्रजीत. "अक्का, प्लीज लुक आफ्टर आप्पा. विल कम नेक्स्ट मंथ फॉर शुअर." हा नेक्स्ट मंथ उन्हाळ्यापासून चालू होता. आता गणपती उठले होते.

"पुस्तकात सांभाळ करणे, काळजी घेणे असं दिलंय," मी त्या मुलीला म्हणाले. "परीक्षेत ते लिही. पण तू म्हणालीस तेही काही अगदीच चूक नाही."

मुलांना वाटलं, मॅडमनी तिची बाजू सावरली. कशाची बाजू! मला इतका राग आला होता की आणखी एक शब्द बोलले असते तर भलतंच काहीतरी तोंडातून गेलं असतं. तास संपायच्या आधीच मी हजेरी घेतली आणि वर्ग सोडून दिला.

आप्पा म्हणजे माझे वडील. अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान होतं. सोयाबीन, तूर, हरभरा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते एकटेच राहायचे, स्वतःच्या हातानं स्वयंपाक करायचे. आम्ही लिंगायत. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय आप्पा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास एका सकाळी दुकान उघडताना ते शटरपाशीच कोसळले. हमालांनी उचलून जीपमध्ये घातलं आणि लातूरला आणलं. लकवा होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

भाऊ रात्रीच्या गाडीनं आला. माझ्याहून धाकटा, पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बोलावून सांगितलं की जीव वाचलाय, पण आता पुढं सगळं हातानं करावं लागेल. भरवणं, कूस बदलणं, व्यायाम, हागणं-मुतणं. भावानं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाला, "नो इश्यूज, डॉक्टर. माय सिस्टर विल लुक आफ्टर हिम."

मी त्याच्या शेजारीच उभी होते. आप्पांचं धोतर माझ्या हातात होतं, अंगावरून काढून नर्सनं माझ्याकडं दिलेलं. पोरांना इंग्रजी शिकवून माझे केस पांढरे झाले आणि माझ्याच समोर माझ्या पुढच्या आयुष्याचा निर्णय इंग्रजीत होत होता, जणू मला तो कळणारच नाही. डॉक्टरांनी मान हलवली. दोघांपैकी एकानंही माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेर वऱ्हांड्यात नातेवाईक जमले होते. माझ्या चुलत्यांनी तिथं शिक्कामोर्तब केलं.

"सध्या अक्काकडं राहू द्या," ते म्हणाले. "भैय्याचं घर पुण्यात, तेबी कुठं दहाव्या-बाराव्या मजल्यावर. त्याची बायको नोकरीला. आन् पोरीच्या जातीला सवय आसतीय आसल्या कामाची."

"काका, मीबी नोकरीलाच हाय की," मी म्हणाले.

"तुझी काय, दोन-तीन तासाची नोकरी."

भाऊ तिथंच होता. मोबाईलमध्ये बघत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, आता तरी काही बोलेल म्हणून. तो एवढंच म्हणाला, "अक्का, फक्त सध्यापुरतं. मी लुक इन्टू करतो, पुण्यात काही चांगली सोय होते का."

असे आप्पा माझ्या घरी आले. धडधाकट असते तर आले नसते. माझं लग्न झाल्यापासून ते माझ्या घरी कधी जेवायला थांबले नव्हते. लेकीच्या घरचं अन्न नको म्हणून पाणी पिऊन उठायचे. मी ताट वाढून ठेवायची आणि ते चप्पल घालायचे. त्याचाही मला राग होता, पण तो जुना होता, त्याच्यावर धूळ बसली होती. आता तेच आप्पा माझ्या समोरच्या खोलीत पलंगावर पडून होते आणि मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते.

बोलणं गेलं तरी एक शब्द त्यांच्या तोंडात राहिला होता. भैय्या. माझ्या भावाला घरात सगळे भैय्याच म्हणतात. आप्पांना तहान लागली की भैय्या. कपडे ओले झाले की भैय्या. ऊन तोंडावर आलं, पडदा ओढायचा, की भैय्या. मी उशाशी बसलेली असताना माझ्या डोळ्यांत बघून, माझा हात धरून ते म्हणायचे, "भैय्या." डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की या आजारात असं होतं. मेंदूत एखादाच शब्द अडकून राहतो आणि माणूस तोच सगळ्याला वापरतो. मला ते समजलं होतं. पण सकाळी त्यांच्या चादरी बादलीत घालून धोपटताना आतून हाक आली, "भैय्या," की ते समजलेलं सगळं कुठल्या कुठं जायचं. "भैय्या पुण्याला हाय," मी न्हाणीतूनच ओरडायची. "मी हाय हितं. मी."

आणि त्या चादरी लातुरात धुवायच्या म्हणजे काय ते लातुरात राहणाऱ्यालाच माहीत. नळ कधी सुटेल याची गॅरंटी नाही. सुटला की घरातली सगळी भांडी भरायची, मग एक चादर तीन वेळा वापरलेल्या पाण्यात खळबळायची. कॉलेजातून येताना मी आकाशाकडं नाही, आधी आमच्या टाकीकडं बघायची.

माझे मिस्टर भले माणूस आहेत. आप्पांना उचलून खुर्चीत बसवायचं काम त्यांनी पहिल्या दिवसापासून अंगावर घेतलं, कुरकुर केली नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना म्हणायचा, "जावई आसावा तर आसा." मी चहा घेऊन आले की म्हणायचे, "साखर कमी घाल गं अक्का." मला कुणी काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. अपेक्षा होती. का नसावी?

पूजेचं मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आप्पा तोंड घट्ट मिटून घ्यायचे, चमचा आत जाऊच द्यायचे नाहीत. शेवटी माझ्या लक्षात आलं. त्यांचा डावा तळहात ठीक होता. त्यावर मी लिंग ठेवलं. पाणी घालायला, विभूती लावायला, बेलाचं पान वाहायला उजवा हात हवा, तो गेला होता. म्हणून तो उजवा हात मी झाले. त्यांच्या तळहातावर माझ्या बोटांनी पूजा केली. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पेज घेतली. तेव्हापासून रोज हेच. आठ वाजताचा तास असला की मी त्याआधी हे सगळं आटपून निघायची.

भावानं मोबाईलवर एक ग्रुप काढला होता, 'आप्पा केअर'. त्यात तो, मी, माझे मिस्टर आणि चुलते. रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा. मी मोबाईल आप्पांच्या तोंडासमोर धरायची. ते म्हणायचे, "भैय्या." त्याचे डोळे भरून यायचे.

"बघ अक्का," तो म्हणायचा, "सगळं विसरले, पण मला नाही विसरले."

मी मोबाईल धरून राहायची आणि हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायची.

पावसाळ्यात आप्पांच्या पाठीला जखम झाली. झोपून झोपून होते तशी. डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला सांगितली. मी ग्रुपवर टाकलं. भावाचं लगेच उत्तर, "लुकिंग इन्टू इट." मग त्याच्या लिंका येऊ लागल्या. ही चांगली की ती चांगली, हिला लोकांनी किती चांदण्या दिल्यात, हिची मोटर आवाज करते म्हणतात. जखम रुपयाएवढी होती, ती तळहाताएवढी झाली. एका दुपारी कॉलेज सुटल्यावर मी गांधी चौकाकडच्या एका दुकानात गेले आणि समोर होती ती गादी रिक्षात घालून घरी आणली. ग्रुपवर फोटो टाकला. भावानं अंगठा दाखवला. खाली लिहिलं, "ग्रेट! आय वॉज अबाउट टू ऑर्डर."

त्या अबाउट टूला काय करायचं? मी मोबाईल पलंगावर आपटला. आप्पा दचकले आणि म्हणाले, "भैय्या?"

दिवाळीला भाऊ आला. बायको-मुलांना उदगीरला तिच्या माहेरी सोडलं आणि स्वतः गाडी घेऊन आमच्याकडं. आप्पांसाठी रेशमी कुर्ता, माझ्यासाठी साडी. पाडव्याच्या सकाळी मी आप्पांना पुसून काढलं, जखमेची पट्टी बदलली, दाढी केली, तो कुर्ता चढवला. एक हात निर्जीव असलेल्या माणसाला कुर्ता घालणं म्हणजे काय, हे कुणी करून बघावं. माझा घाम निघाला. पूजा झाली. शिऱ्याची वाटी घेऊन मी भरवायला बसले तेवढ्यात भाऊ आला.

"दे अक्का, मी भरवतो."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी उठले, पदरानं तोंड पुसलं. त्यानं एक चमचा भरून आप्पांच्या तोंडाशी नेला आणि माझ्याकडं मोबाईल दिला.

"फोटो काढ ना एक."

मी काढला. त्यानं बघितला. "तुझी सावली येतेय. जरा बाजूला हो आणि परत काढ." मी बाजूला झाले. परत काढला. मग त्यानं वाटी माझ्या हातात दिली आणि फोन लावायला बाल्कनीत गेला. उरलेला शिरा मीच भरवला.

दुपारी मी भांडी घासत असताना मिस्टर आत आले आणि त्यांनी त्यांचा मोबाईल माझ्यासमोर धरला. आमच्या सगळ्या भावकीचा एक मोठा ग्रुप आहे. त्यावर तो फोटो होता. खाली भावानं लिहिलं होतं, "लुकिंग आफ्टर माय हीरो." आणि त्याखाली रांगच लागली होती. असा मुलगा नशिबाला लागतो. पुण्यात राहून बापाला विसरला नाही. आजकालच्या पोरांनी शिकावं. चुलत्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती.

मी राखेचे हात घेऊन उभीच राहिले. आता मी कुणाला काय सांगू? या वाक्यात खोटं काय होतं? त्या फोटोपुरता तो खरोखरच आफ्टर लुकत होता. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसता संताप आला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाट मांडला, रांगोळी घातली, भाऊ बसला. मी त्याला टिळा लावला, ओवाळलं. त्यानं ताम्हनात टाकायला पाकीट काढलं. मी ताम्हन मागं घेतलं.

"हे नको," मी म्हणाले.

"का? कमी आहे?" तो हसला.

"मला आठवडा पाहिजे. नांदेडला विद्यापीठाची पेपर तपासणी हाय. परवा सुरू होते. दर वेळी मी नाही म्हणून कळवते. या वेळी हो म्हणून कळवणार हाय. तू हितं राहायचंस. आप्पांजवळ."

तो मिस्टरांकडं बघायला लागला.

"त्यांच्याकडं बघू नको. त्यांना नाही विचारलं. तुला विचारलंय."

"अक्का, असं एकदम कसं? माझे कॉल असतात. कंपनीचं रिलीज आहे. मी लुक इन्टू..."

"ते शब्द माझ्या घरात काढू नको," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या खोलीतून आप्पा "भैय्या, भैय्या" करायला लागले. "काल भावकीला सांगितलंस ना, लुकिंग आफ्टर? मग कर. चालू वर्तमानकाळ वापरलास. म्हणजे आत्ता या क्षणी मी करायलोय. मी इंग्रजी शिकवते, मला फसवू नको."

"अक्का, तू फोटोवरून एवढी चिडलीस? अगं, ते सहज..."

"वर्षभर मी त्यांची घाण काढतेय आणि तू मला फोटोतून बाजूला हो म्हणालास. ते पण सहजच म्हणालास. म्हणूनच चिडले."

ताम्हनातली निरांजनं तशीच जळत होती. त्याला पाटावरून उठता येईना आणि बसता येईना. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. जा तू."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं दाखवलं. पट्टी कशी, पेज किती पातळ, कूस कधी बदलायची, औषधं कुठली आधी. पूजेचंही सांगितलं. तो मान हलवत होता आणि मधूनमधून कानातल्या यंत्रात "येस, येस, आय अ‍ॅम हिअर" म्हणत होता.

नांदेडला विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही शंभरेक मास्तर-बाया बसलो होतो. कुणाच्या डब्यात काय, कुणाची बदली कुठं, अशा गप्पा. इतक्या दिवसांनी मी माणसांत बसले होते आणि मला काय बोलावं तेच सुचत नव्हतं. मी खाली मान घालून पेपर तपासायला लागले. त्यात एक प्रश्न होता, खालील शब्दसमूह वाक्यात वापरा. पहिलाच, लुक आफ्टर.

गठ्ठ्यामागून गठ्ठे. मदर लुक्स आफ्टर द चिल्ड्रन. द नर्स लुक्स आफ्टर द पेशंट. माय सिस्टर लुक्स आफ्टर माय ग्रँडफादर. शी लुक्स आफ्टर हर ओल्ड पेरेंट्स. सगळी गाईडमधली वाक्यं, पाठ करून उतरवलेली. परभणीकडचा मुलगा असो की देगलूरकडची मुलगी, वाक्याच्या सुरुवातीला बाईच. एकानं लिहिलं होतं, द डॉग लुक्स आफ्टर द हाऊस. कुत्रा होता. भाऊ नव्हता, मुलगा नव्हता, नवरा नव्हता. व्याकरण सगळ्यांचं बरोबर. मी टिक करत गेले आणि प्रत्येक टिकेला पेन कागदात रुतत गेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हो, एवढं काय चुकलंय?" मी म्हणाले, "काही नाही. सगळं बरोबर आहे, तेच."

भावाचा पहिला फोन दुपारी आला. "अक्का, आप्पा जेवतच नाहीयेत. तोंड उघडत नाहीत. डॉक्टरांना बोलवू का?"

"पूजा केलीस का?"

"पूजा? अगं, आत्ता त्या पूजेचं काय घेऊन बसलीस?"

"तुला काल सांगितलं होतं. पूजा झाल्याशिवाय ते घास घेत नाहीत. तुझा जन्म झाला तेव्हापासून घेत नाहीत."

मग तो म्हणाला, "मला नीट येत नाही गं. माझं स्वतःचं लिंग कुठं ठेवलंय तेच आठवत नाही."

"त्यांचा डावा हात, तुझा उजवा. पाणी, विभूती, पान. बाकी ते सांभाळून घेतील."

नंतर आणखी फोन आले. रुग्णांची सेवा करणारी माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेतून त्यानं एक माणूस बोलावला होता, आप्पांनी त्याला डाव्या हातानं मारलं आणि तो निघून गेला. नळ आला नाही, चादरींचं काय करू. जखमेतून पाणी येतंय, ते नेहमीचं आहे का. जे जखमेचं होतं त्याचं उत्तर मी दिलं. चादरींच्या वेळी मी फोन उचलला नाही. पालथा घालून ठेवला आणि पुढचा गठ्ठा उघडला.

परत येताना एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. मोंढ्यातले एक व्यापारी चढले, आप्पांच्या शेजारचं दुकान त्यांचं. मला बघून ते शेजारच्या सीटवर बसले.

"काय गं पोरी, आप्पाला टाकून नांदेडला गेल्तीस म्हणं? तुझे चुलते सांगायले होते. बिचारा भैय्या एकटाच करायलाय."

सगळी एसटी ऐकत होती. मीही मोठ्यानंच बोलले.

"मी वर्षभर एकटीच करायले होते, तेव्हा तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं हाय? त्यानं आठवडाभर केलं तर बिचारा. मग मी कोण?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. चाकूरला उतरून गेले. मला वाटलं होतं एवढं बोलल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं.

घरी पोचले तेव्हा भाऊ आप्पांच्या पलंगाच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली, अंगात मिस्टरांचा जुना बनियन. त्याचे कपडे धुवायला पाणी नव्हतं. आप्पा स्वच्छ होते. जखम होती तेवढीच होती, वाढली नव्हती. मी पहिल्यांदा तीच बघितली.

"चहा घेतेस?" त्यानं विचारलं. माझ्याच घरात. मी हो म्हणाले.

चहा देताना तो म्हणाला, "अक्का, तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"ते भैय्या म्हणतात ते. मला वाटायचं मलाच हाक मारतात. त्यांना पाणी पाहिजे तरी भैय्या. माशी बसली तरी भैय्या. त्या संस्थेच्या माणसालासुद्धा भैय्याच म्हणाले, मारताना." त्यानं आपला कप खाली ठेवला. "मी वर्षभर व्हिडिओवर रडत होतो गं."

मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही असेल. पण मी म्हणाले, "तू हितं एक दिवस राहिला असतास तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सांगायला कशाला लागतंय?"

मग आपल्या मोबाईलवरून भावकीच्या ग्रुपवर त्यानं स्वतःच लिहिलं, मराठीत, की आप्पांचं सगळं अक्का करते, मी आठवडाभर केलं तर जीव मेटाकुटीला आला. मी त्याला लिहायला सांगितलं नव्हतं. खाली एकानंही काही लिहिलं नाही. अंगठासुद्धा नाही. चुलत्यांनी त्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका टाकली.

त्यानंतर तो बदलला असं मी म्हणणार नाही. येतो म्हणाला आणि आलाही, संक्रांतीला चार दिवस. शिवरात्रीला येतो म्हणाला आणि आला नाही, कंपनीचं काही निघालं. मी फोनवर भांडले. तोही भांडला. पूर्वी तो भांडत नसे, 'शुअर अक्का' म्हणून ठेवून द्यायचा. भांडणं मला त्यापेक्षा बरं वाटलं.

मी वर्गात आता ते गाईडमधलं वाक्य चालू देत नाही. लुक आफ्टरचं वाक्य 'आय'नं सुरू करा म्हणते, आणि घरात खरोखर ज्याचं करता त्याचंच लिहा. मुली लगेच लिहायला लागतात, भरभर, पान भरून. मुलं पेन चावत बसतात. एक जण म्हणाला, "म्याडम, आमी कोणाचं करत न्हाई, तर काय लिहू?" मी म्हणाले, "ते नकारार्थी करून लिही. तेही मार्काला येतं." वर्ग हसला. मी गंमत केली नव्हती.

एप्रिलमध्ये लातूरचं पाणी अगदीच आटलं तेव्हा भाऊ बायकोला बरोबर घेऊन मोठ्या गाडीनं आला आणि आप्पांना पुण्याला घेऊन गेला. बायकोशी त्याचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिच्याही वाट्याला हे सगळं येणार, हे मला दिसत होतं. तिला मी बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला करायला लाव. तू सगळं अंगावर घेऊ नको." ती म्हणाली, "अक्का, मीपण नोकरी करते हो." "म्हणूनच सांगते," मी म्हणाले. गाडीत बसवताना आप्पांनी माझा हात धरला होता, सोडवावा लागला. हवेची गादी, औषधं, बेलाची पानं ओल्या फडक्यात, सगळं मी नीट बांधून दिलं.

त्या दुपारी मी समोरच्या खोलीत रिकाम्या पलंगावर झोपले आणि उठले तेव्हा दिवस मावळला होता. इतकी झोप मी कधी घेतली होती ते आठवेना. उठल्यावर वाटलं होतं राग गेला असेल. तो तिथंच होता.

आता गल्लीतल्या बाया विचारतात, भाजीवालीच्या गाडीपाशी, "काय हो, वडिलांना पाठवलं पुण्याला? जड झाले होते का?" आधी मी उत्तर शोधायची. पाण्याची अडचण, डॉक्टर चांगले तिकडं, नातवंडं बघायची होती. हल्ली नाही शोधत. हो म्हणते. जड झाले होते, एका माणसाला झेपण्यासारखं ते काम नव्हतंच. मग भेंडी निवडून घेते, पिशवी उचलते आणि जिना चढून वर येते.